अपघाताच्या क्लेमचे पुरावे : घरातल्या एकानं पहिल्या दिवसापासून फाईल धरा

ऊसाचा सीझन सुरू झाला की आमच्या सांगली भागात दर आठवड्याला कुणाच्या तरी घरून फोन येतो, कुणाची मोटारसायकल रात्री ट्रॉलीच्या मागं घुसलेली असते, कुणाला हायवेला कंटेनरनं उडवलेलं असतं, आणि चार-सहा महिन्यांनी तीच माणसं विचारतात की क्लेम टाकायचाय, काय काय कागद लागतात? तेव्हा सगळ्यात वाईट वाटतं, कारण लागणारे निम्मे कागद पहिल्या आठवड्यातच तयार होतात नाहीतर कायमचे जातात. माझ्या मेव्हण्याचा तासगाव रोडला अपघात झाला तेव्हा आम्हीही तेच केलं, सगळे दवाखान्यात पळत होते आणि कागदाकडं कुणीच बघितलं नाही. मी वकील नाही, पण ती केस मी पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून होतो, नंतर गावातल्या दोन-तीन केसेसना पण फाईल लावून दिली, त्यातून जे कळलं ते नवीन माणसाला समजेल असं लिहितोय.

सगळ्यात आधी एक काम करा. घरातला एक माणूस फक्त कागदासाठी ठेवा. पेशंटजवळ बसणारा वेगळा, पैशाची जुळणी करणारा वेगळा, आणि हा फाईलवाला वेगळा. शिकलेली पुतणी, भाची, कोणीही चालेल, पण एकच. चार जणांच्या खिशात चार बिलं राहिली की संपलं.

आधी थोडं क्लेमविषयी

गाडीच्या अपघाताचा क्लेम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, म्हणजे आपल्याकडं जिल्हा कोर्टातच. अपघात जिथं झाला तिथं टाकता येतो, आपण राहतो किंवा धंदा करतो तिथं टाकता येतो, समोरचा राहतो तिथंही चालतो. म्हणजे खंबाटकी घाटात लागलं आणि माणूस मिरजेचा असेल तर साताऱ्याला हेलपाटे घालायची गरज नाही, सांगलीत विजयनगरच्या कोर्टात टाकता येतं.

मुदत ध्यानात ठेवा, १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून ६ महिने लिहिलेत. पूर्वी मुदतच नव्हती त्यामुळं जुने लोक अजून सांगतात "निवांत टाक, कधीपण चालतंय", त्यांचं ऐकू नका.

रस्ते दोन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता ठरलेली रक्कम मिळते, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. कलम १६६ खाली समोरच्याची चूक दाखवावी लागते पण मग खरं नुकसान जेवढं झालं तेवढं मागता येतं. दोन्हीतलं एकच पदरात पडतं. हाड मोडलं, काम कायमचं सुटलं असं असेल तर १६६ च बघायचं, आणि खालचे सगळे पुरावे त्याच्यासाठीच लागतात. ठोकणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर हिट अँड रनची सरकारी मदत आहे, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, तो अर्ज प्रांत किंवा तहसील ऑफिसमार्फत जातो.

जागेवर

आधी जखमी माणूस बघा. १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२, हायवेला असाल तर १०३३ पण लागतो. हे फोन केल्याची वेळ फोनमध्ये राहते, ती पुसू नका, त्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, अपघात किती वाजता झाला ह्यावर पुढं वाद होतो तेव्हा तो कामाला येतो.

जो सोबत असेल किंवा जो आधी पोचेल त्यानं गाड्या हलवायच्या आधी फोटो घ्यावेत. रस्ता तुंबलेला असतो, लोक ओरडत असतात, तरी दोन मिनिटं लागतात. आधी लांबून एक, ज्यात रस्त्याच्या दोन्ही कडा आणि एखादी हलणार नाही अशी वस्तू येईल, मैलाचा दगड, लाईटचा पोल, हॉटेलची पाटी. मग दोन्ही गाड्या एका फोटोत, म्हणजे कोण कुठल्या बाजूला होता ते दिसतं. मग जवळून नंबर प्लेट, ब्रेकच्या खुणा, काचा कुठं पडल्यात ते. ऊसाची ट्रॉली असेल तर ट्रॅक्टरचा नंबर वेगळा आणि ट्रॉलीचा नंबर वेगळा घ्या, दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हीचे, कारण विमा कशाला आहे आणि कशाला नाही हा वाद पुढं हमखास निघतो. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर होता का, टेल लॅम्प होता का, ऊस बाजूला किती बाहेर आला होता, हे त्याच रात्री टिपा. दुसऱ्या दिवशी सकाळी रिफ्लेक्टर लागलेला असतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. जमलं तर दुसऱ्या दिवशी रात्री त्याच वेळेला जाऊन एक व्हिडिओ करा, तिथं अंधार किती असतो ते त्यात येतं.

फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून मूळ फोटो डिलीट करू नका. व्हॉट्सअॅपवर गेला की दबतो आणि तारीख-वेळेची माहितीही निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि तो मोबाईल सांभाळा, एक्स्चेंजला घालू नका. नवीन भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं फोटो, व्हिडिओ, सीसीटीव्ही असलं काही कोर्टात द्यायचं तर त्याच्यासोबत सर्टिफिकेट लागतं, ज्याच्या मोबाईलमधनं काढलं त्याची सही त्यात येते. म्हणून प्रत्येक फोटो कुणी काढला ते लिहून ठेवा.

साक्षीदार. गर्दीत पन्नास माणसं असतात आणि कोर्टात एक पण येत नाही. तिथल्या टपरीवाल्याचं, पंपावरच्या पोराचं, मागून आलेल्या दुचाकीवाल्याचं नाव-नंबर घ्या, पण जबरदस्ती करू नका. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, कायद्याच्या कलम १३४अ मध्ये त्याला संरक्षण आहे, हे त्याला आपणच सांगितलं की बऱ्याचदा तो आपणहून म्हणतो, घ्या माझा नंबर.

सीसीटीव्हीला थांबू नका. दुकानाच्या डीव्हीआरवर थोड्या दिवसांत जुनं पुसून नवीन चढतं. दुसऱ्याच दिवशी त्या रस्त्यावरचे पंप, धाबे, सोसायट्या, एटीएम बघून या, मालकाला हात जोडून सांगा, आणि सोबत पोलिसांना लेखी अर्ज द्या की अमुक ठिकाणचं अमुक वेळेचं फुटेज ताब्यात घ्यावं. हायवेचा अपघात असेल तर आनेवाडी, तासवडे टोलनाक्याचं पण अर्जात लिहा, कारण पळून गेलेली गाडी तिथनं गेलेली असू शकते.

दवाखान्यात पहिलं वाक्य

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमची केस इथंच अडकली होती.

पेशंट आत नेला की डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात, काय झालं? जो कोण सोबत असेल तो घाबरलेला असतो, तो सांगतो "गाडीवरनं पडला". आमच्या चुलतभावानं हेच सांगितलं. केस पेपरवर हिस्ट्री लिहिली गेली, मोटारसायकलवरून पडून दुखापत. ट्रॉलीचा उल्लेखच नाही. दोन वर्षांनी विमा कंपनीच्या वकिलानं तोच कागद पुढं धरला आणि म्हणाला, हा तर स्वतःहून घसरून पडलाय, ट्रॉली नंतर घुसडली. तो खोटेपणा करत होता असंही नाही, कागदावर तेच होतं. मग चुलतभावाची साक्ष, डॉक्टरांची साक्ष, पंचनामा, सगळं जोडून ते निस्तरलं, पण त्यात फार दिवस गेले आणि घरच्यांना जो मनस्ताप झाला तो वेगळाच.

त्यामुळं सोबत जाणाऱ्यानं एवढंच नीट सांगायचं: किती वाजता, कुठल्या रस्त्याला, कुठल्या प्रकारच्या गाडीनं, पुढून की मागून. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद करायला सांगा, म्हणजे दवाखाना पोलिसांना कळवतो. काही जण म्हणतात एमएलसी नको, पोलिसांचं झंझट लागतं. त्यांच्या नादाला लागू नका.

चुकीचं लिहिलं गेलंच तर खाडाखोड करून घेऊ नका, ती उलट अंगावर येते. लगेच पोलिसांत खरी फिर्याद द्या, आणि ज्यानं ती हिस्ट्री सांगितली त्याचा जबाब नोंदवून घ्या की घाबरून अर्धवट सांगितलं होतं.

आपल्याकडं पेशंट एका दवाखान्यात राहत नाही. आधी गावातल्या डॉक्टरकडं पट्टी, मग ग्रामीण रुग्णालय, मग सांगली सिव्हिल नाहीतर मिरजेचा हाडाचा दवाखाना. प्रत्येक ठिकाणचा कागद घ्या, अगदी गावातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीपासून, मधला एक तुटला की विचारतात ह्या चार तासांत काय झालं होतं. डिस्चार्ज कार्डावर नाव आधारसारखंच आहे का, अपघाताची तारीख बरोबर आहे का ते घरी यायच्या आधी वाचा. आतले पूर्ण पेपर, ऑपरेशनच्या नोट्ससकट, लेखी अर्ज देऊन मागता येतात, डॉक्टरांच्या नियमावलीप्रमाणं अर्जानंतर ७२ तासांत द्यायला पाहिजेत, आणि ३ वर्षं जपून ठेवायचं बंधन त्यांच्यावर आहे. तीन वर्षांनंतर साक्षीला बोलावलं आणि पेपर नाहीतच असं व्हायला नको म्हणून आधीच काढा.

एक्स-रे, एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडी पण मागा. जखमेचे फोटो दर आठ-दहा दिवसांनी काढा, टाके असताना, प्लास्टर असताना, काठी घेऊन चालताना. पेशंटला नको वाटतं, समजावून काढा.

पैशाची अडचण असेल तर हे विचारा: मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, त्यात रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार नेमलेल्या दवाखान्यात मिळतात. दवाखाना योजनेत आहे का हे दाखल करतानाच विचारायचं.

पोलीस स्टेशन

अपघात कुठल्याही हद्दीत झाला तरी फिर्याद जवळच्या ठाण्यात देता येते, ते पुढं पाठवतात. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला आणि जखमीलाही फुकट मिळते. सही करायच्या आधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. गाड्यांची दिशा, रस्त्याची बाजू, नंबर, वेळ, ह्या चार गोष्टी बरोबर पाहिजेत. माणूस आयसीयूत आहे म्हणून फिर्याद द्यायला दोन-चार दिवस उशीर झाला तर फक्त त्यावरून क्लेम जात नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच तसं म्हटलंय, पण उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहा. ठाण्यात घेतलीच नाही तर रजिस्टर पोस्टानं एसपींकडं पाठवा, पावती फाईलला लावा.

स्पॉट पंचनामा होताना आपला एक माणूस हजर ठेवा, ढवळाढवळ करायची नाही, फक्त जागा बरोबर दाखवली जातेय ना ते बघायचं. नकाशात ट्रॉली रस्त्यावर होती की साईडपट्टीला, रस्त्याची रुंदी किती, कुणाची गाडी कुठं, हे कोर्टात शब्दाशब्दाला वाचलं जातं. काही चुकलं वाटलं तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही.

२०२२ पासून पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, मधला ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याला नम्रपणे ह्याच नावानं विचारा, "साहेब सविस्तर अपघात अहवाल गेला का?", त्याला कळतं की समोरच्याला माहिती आहे.

आपली गाडी आरटीओच्या इन्स्पेक्टरनं बघितल्याशिवाय दुरुस्तीला टाकू नका. हेल्मेट फुटलं असेल तर ते पण जपा, ते घातलं होतं ह्याचा तोच पुरावा. समोरच्या गाडीचा नंबर एमपरिवहन ह्या सरकारी अॅपवर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं, तारखेसकट स्क्रीनशॉट काढा.

आणि इथं गावकी येते मधे. ट्रॅक्टरवाला ओळखीचा असतो, पाहुण्यातला असतो, चार शहाणे येऊन बसतात, म्हणतात पंचवीस हजार घे आणि तक्रार नाही म्हणून लिहून दे. गाडीला विमा असेल तर नुकसानभरपाई विमा कंपनी देते, त्या गरीब ट्रॅक्टरवाल्याच्या घरातून काढायची नसते, हे दोन्ही बाजूंना नीट समजावून सांगितलं की निम्मे रुसवे जातात. "माझी काही तक्रार नाही" असा जबाब मात्र दवाखान्याच्या कॉटवर गुंगीत असताना कधीच देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर नाहीच. आणि उलट बाजूनं, आपल्याला ठोकलेल्या गाडीला विमा नाही म्हणून दुसऱ्याच विमा असलेल्या गाडीचा नंबर लावायचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे, आणि खरी दुखापत असूनसुद्धा सगळं हातचं जातं.

बिलं

पक्की बिलं, पेशंटच्या नावावर, तारखेची. औषधाच्या प्रत्येक बिलाला त्याची चिठ्ठी जोडलेली पाहिजे. मेडिकलची बिलं बऱ्याचदा त्या गुळगुळीत कागदावर असतात, सहा महिन्यांत कोरी होतात, त्याच दिवशी झेरॉक्स मारा. मेडिक्लेमला मूळ बिलं गेली असतील तर त्यांच्याकडनं शिक्क्याच्या प्रती घ्या. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून क्लेममधून वजा होत नाहीत, मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठानं २०२५ मध्ये हे स्पष्ट केलंय.

येण्याजाण्याचा खर्च, फिजिओथेरपी, वॉकर भाड्यानं आणला तो, सांभाळायला बाई ठेवली तिचा पगार, सगळं एका शंभर पानी वहीत तारखेवार. घरच्यानंच काम सोडून सांभाळलं असेल तर तेही लिहा.

कमाई दाखवायची कशी

पगारदाराचं सोपं, पगारपत्रक, पीएफचं पासबुक, बँक स्टेटमेंट, आणि कंपनीचं पत्र की इतके दिवस बिनपगारी होता. कुपवाड एमआयडीसीत हातावर पगार घेणाऱ्याला शॉपच्या मालकाला साक्षीला आणावं लागतं, आधीच बोलून ठेवा. कामावर असतानाच अपघात झाला असेल तर कामगार भरपाईचा पण रस्ता असतो, दोन्हीतला एकच निवडता येतो, वकिलाला आधी विचारा.

शेतकऱ्याचं अवघड. सातबारा लावला की समोरचा वकील म्हणतो जमीन तर आहेच, उत्पन्न कुठं बुडालं? म्हणून फक्त सातबारा लावू नका. कारखान्याची ऊसबिलं, डेअरीची दहा दिवसांची बिलं, हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या अपघाताच्या आधीच्या तीन वर्षांच्या आणि नंतरच्या पण. त्याच्या जोडीला हे दाखवा की हा माणूस स्वतः काय करत होता, धार काढत होता, फवारणी करत होता, ट्रॅक्टर चालवत होता, आणि आता त्यासाठी गडी ठेवलाय, त्याला महिन्याला इतकी मजुरी जाते. ती मजुरी बँकेतून किंवा फोनपेनं द्या, म्हणजे नोंद राहते. म्हशी विकायला लागल्या असतील तर डेअरीचं बिल कमी झालेलं आपोआप दिसतं.

गवंडी, सुतार, वडापवाला (प्रवासी जीप चालवणारा), ह्यांनी ठेकेदाराची वही, मोबाईलवर आलेले पैसे, लायसन्स-बॅज लावावं. घरकाम करणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य धरत नाहीत, तिच्या कामाची किंमत कोर्ट धरतं, त्यामुळं "ती घरीच असते" म्हणून क्लेम सोडू नका.

अपंगत्वाचा दाखला

उपचार पूर्ण झाले, आता ह्यापेक्षा सुधारणा नाही असं डॉक्टर म्हणाले की मगच काढा, घाई केली तर टक्का टिकत नाही. दाखल्यावर टक्का त्या पायाचा की पूर्ण शरीराचा ते लिहून घ्या. आणि हा टक्का म्हणजे कमाईचं नुकसान असं नसतं. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात उदाहरण दिलंय की डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, तोच सरकारी क्लार्क असेल तर नोकरी राहूही शकते. म्हणून दाखल्यासोबत आधी काय काम करत होता आणि आता काय जमत नाही, ते डॉक्टरांच्या साक्षीतून यायला पाहिजे. दाखला नुसता फाईलला लावून भागत नाही, डॉक्टर कोर्टात यावे लागतात, त्यामुळं जो सर्जन येतो म्हणेल त्याच्याकडूनच शक्यतो घ्या.

हिशोब कसा होतो ते कळलं की पुरावा का लागतो तेही कळतं. समजा ३४ वर्षांचा गवंडी, महिन्याला १५ हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की २१ हजार, वर्षाला २ लाख ५२ हजार. कमाईची क्षमता २० टक्के गेली असं कोर्टानं धरलं तर वर्षाचं नुकसान ५० हजार ४००. वयाप्रमाणं जितक्या पटीनं हे नुकसान धरतात तो गुणक ३१ ते ३५ वयाला १६, म्हणजे ८ लाख ६ हजार ४००. दवाखान्याचा खर्च, बुडालेले महिने, वेदना ह्याचे पैसे वेगळे. आता ह्यात १५ हजारांचा पुरावा नसला आणि कोर्टानं १० हजारच धरले तर फक्त ह्या एका आकड्यात पावणेतीन लाखांच्या आसपास कमी होतात. एक ठेकेदाराची वही न आणल्यामुळं.

वकिलाकडं जाताना

एक सेट मूळ, दोन सेट झेरॉक्स, आणि वर एक पान ज्यात तारखेवार काय घडलं. मूळ कागद दिले की वकिलाकडनं यादीवर सही घ्या. निकालातले इतके टक्के माझे असा करार वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, फी आधी ठरवा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच असतं, फोन १५१००. बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, अपंगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मधे लोकअदालतीत तडजोडीचा विषय निघेल, तेव्हा वरचा हिशोब स्वतः करून जा, मग आकडा बरा की कमी ते आपल्याला कळतं. विमा कंपनीचा माणूस चौकशीला घरी आला तर चहा द्या, ओळखपत्र बघा, आणि लेखी जबाब वकिलाला विचारून देतो म्हणा. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला बेंच सुरू झाल्यामुळं सांगली-साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. तिथंही नवीन काही सांगायला फारशी संधी नसते, खालच्या कोर्टात जे कागद आणि साक्षी आल्या त्याच वाचल्या जातात, त्यामुळं साक्षीच्या तारखेला पेशंटला घेऊन जाताना फाईलवाल्यानं मूळ कागदांची पिशवी, मोबाईल आणि ती शंभर पानी वही सोबत घेऊनच घराबाहेर पडायचं.